विसर्जनाच्या रात्रीचे दोन हजार फोटो: कार्डापासून कपाटापर्यंत

अनंत चतुर्दशीला लालबागहून निघून दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीला पोचेपर्यंत दोन हजार फोटो सहज होतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची लॉसलेस कॉम्प्रेस्ड (दर्जा न घटवता आकार कमी केलेली) रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो, साधारण २५ ते ३० एमबीची असते, म्हणजे एका मिरवणुकीचे ५० ते ६० जीबी. यातले फोटो गमावण्याचा सगळ्यात मोठा धोका गर्दीत नसतो. तो घरी आल्यावर, डोळ्यांवर झोप असताना असतो.

पण काम निघण्याआधीच सुरू होतं. दोन कॅमेरे असतील तर दोन्हींनी मोबाइलच्या घड्याळाचा, सेकंद दिसतील असा, एकेक फोटो काढून घ्या. कॅमेऱ्यांची घड्याळं हळूहळू पुढेमागे होतात. या फोटोत दिसणारी वेळ आणि त्याच फाइलमध्ये नोंदलेली वेळ यांतला फरक म्हणजे त्या कॅमेऱ्याची चूक. लाइटरूम क्लासिक या फोटो लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो निवडून ‘एडिट कॅप्चर टाइम’मधून ती एकदाच दुरुस्त करायची. हे राहिलं की वाटेत श्रॉफ बिल्डिंगवरून मूर्तीवर होणारी पुष्पवृष्टी आधी आणि मूर्ती मंडपातून बाहेर पडतेय ती नंतर, असा उलटा क्रम लागतो.

कार्ड बदलायचं तर एखाद्या इमारतीच्या जिन्यात शिरून बदला. कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर गुलाल बसला तर ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) मारा, तोंडाने फुंकर नको. श्वासातल्या ओलाव्याने गुलाल तिथेच चिकटतो. भरलेलं कार्ड डबीत पालथं ठेवलं की अंधारातही रिकामं कोणतं हे विचारावं लागत नाही.

आता कॉपी. चांगलं यूएचएस-१ (कार्डाच्या वेगाचा एक प्रकार) कार्ड आणि यूएसबी ३ रीडर असेल तर सेकंदाला ८०-९० एमबी मिळतात, म्हणजे ६० जीबीला अकरा-बारा मिनिटं. जुना यूएसबी २ रीडर त्यालाच अर्धा तास घेतो, आणि माणूस कंटाळून ‘उद्या करू’ म्हणतो. रीडर बदला, तो स्वस्त आहे. ‘कट’ कधीही करू नका, नेहमी ‘कॉपी’. मध्येच वीज गेली किंवा वायर हलली तर कटमध्ये काही फाइली अर्धवट राहतात. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण बाइट्स जुळवा, मग फोटो मोठे करून सुरुवातीचे, मधले, शेवटचे असे दहा-बारा बघा. खाली राखाडी पट्टा दिसला तर ती फाइल पुन्हा कॉपी करा. पट्टा रोज वेगवेगळ्या फाइलीत येत असेल तर रीडर किंवा वायर खराब आहे. कार्डातच दिसत असेल तर ते कार्ड बाद. दोन वेगळ्या डिस्कवर प्रत गेल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, आणि पुसायचं ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून.

फाइलीचं नाव हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ झाला की पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. वर्षाला दहा हजारांहून जास्त फोटो काढणाऱ्याकडे एकाच नावाचे दोन फोटो असणारच, आणि ते एका फोल्डरमध्ये आले की ‘रिप्लेस करू का?’ला घाईत ‘हो’ म्हटलं जातं. म्हणून आयात करतानाच नाव बदला: वर्ष-महिना-दिवस, मग वेळ, मग मूळ आकडा. वर्ष आधी असलं की नावाप्रमाणे लावले तरी फोटो तारखेनेच लागतात. फोल्डर मिरवणूक सुरू झाली त्या तारखेचा एकच: २०२५-०९-०६ लालबाग विसर्जन. मध्यरात्रीनंतरचे फोटोही त्यातच. पहाटेची चौपाटी वेगळ्या फोल्डरमध्ये गेली तर नंतर सापडत नाही.

निवड त्याच रात्री नको, थकलेल्या डोळ्यांना सगळंच आवडतं. दुसऱ्या दिवशी आधी हललेले, डोळे मिटलेले काढा. एकाच क्षणाच्या बारा फोटोंतून एक ठेवा, आणि फोकस १०० टक्के झूम करून डोळ्यांवरच तपासा.

कीवर्ड, म्हणजे फोटो शोधण्यासाठी जोडलेले शब्द, देताना मुंबईची खरी अडचण येते. एकाच स्थानकाला कोणी व्हीटी म्हणतं, कोणी सीएसटी (१९९६ पासून), कोणी सीएसएमटी (२०१७ पासून). एल्फिन्स्टन रोडचं २०१८ साली प्रभादेवी झालं. गिरगावचं रोमन स्पेलिंगही दोन तऱ्हांनी होतं. एक मुख्य कीवर्ड ठरवा आणि बाकीची नावं लाइटरूमच्या ‘सिनॉनिम’ रकान्यात टाका. पसंतीचे तारे आणि कीवर्ड मुळात कॅटलॉगमध्येच, म्हणजे लाइटरूमच्या नोंदवहीतच राहतात, म्हणून निवड झाली की सगळे फोटो सिलेक्ट करून कंट्रोल-एस दाबा. रॉ फाइलीशेजारी या नोंदींची छोटी एक्सएमपी फाइल तयार होते आणि उद्या कॅटलॉग बिघडला तरी कष्ट वाया जात नाहीत.

प्रती तीन हव्यात, त्यातली एक घराबाहेर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा पाण्याने तळमजल्यावरचं एकच कपाट निवडलं नव्हतं. कुर्ल्यातल्या घरची दुसरी डिस्क शेजारच्या कलिन्यातल्या मामाकडे ठेवण्यात फारसा अर्थ नाही. पुण्याच्या मावशीकडे ठेवा. क्लाउड सिंक (इंटरनेटवर आपोआप जुळत राहणारी प्रत) म्हणजे बॅकअप नव्हे: इथे चुकून डिलीट केलं की तिथलंही जातं.

कपाटात ठेवायची डिस्क फिरत्या तबकडीची घ्या. एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) वीज न देता वर्षानुवर्षं पडून राहिली तर डेटा जाऊ शकतो. पावसाळ्यात डिस्क हवाबंद डब्यात, सिलिका जेल घालून ठेवा. जेलचा रंग बदलला की वाळवा किंवा नवं घाला. एसी खोलीतून दमट हवेत आणलेली डिस्क अर्धा तास तशीच राहू द्या, लगेच जोडू नका.

दर मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, तिन्ही प्रतींतून वीस-वीस फोटो कुठलेही उचलून उघडून बघा. एखादा उघडला नाही किंवा डिस्कमधून टकटक आवाज आला, तर आधी उरलेल्या चांगल्या प्रतीवरून नव्या डिस्कवर कॉपी करा, मगच बिघडलेलीला हात लावा.