डेव्हिड लिंचचे सिनेमे पाहताना या चुका टाळा

जळगाव-भुसावळकडच्या सिनेमावेड्या पोरांच्या गप्पांत अमेरिकन दिग्दर्शक डेव्हिड लिंचचं नाव निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "माले काहीच समजनं नही." मग कोणीतरी यूट्यूबवरच्या 'शेवटाचा खरा अर्थ' सांगणाऱ्या व्हिडिओची लिंक टाकतं, सगळे तो पाहतात, "अस्सं होय" म्हणतात आणि विषय मिटतो. मला याचं फार वाईट वाटतं. अडीच तासांत अंगावर आलेला काटा, कारण नसताना दाटलेली भीती, एखाद्या गाण्याला भरून आलेले डोळे हे सगळं बाजूला पडतं आणि हाती उरतो दहा मिनिटांचा खुलासा.

जानेवारी 2025 मध्ये लिंच गेला. त्यानंतर आपल्याकडे त्याचे सिनेमे नव्याने पाहणारे बरेच भेटतात, आणि अडकतात ते बहुधा त्याच त्या ठिकाणी.

सिनेमाला कोडं समजू नका

'मलहॉलंड ड्राइव्ह'चंच घ्या. सर्वांत जास्त खुलासे याच सिनेमाचे होतात. मुळात 1999 मध्ये तो अमेरिकन टीव्हीसाठी मालिकेचा पहिला भाग म्हणून बनला होता. वाहिनीने नाकारला. पुढे फ्रान्समधून पैसा आला, लिंचने नवा भाग चित्रित केला आणि 2001 मध्ये त्याचा सिनेमा झाला. फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कारही मिळाला. म्हणजे पहिली दृश्यं लिहिली गेली तेव्हा हा शेवट अस्तित्वातच नव्हता. अशा सिनेमाचा प्रत्येक धागा एकाच गाठीत बांधायला निघालात तर काही धागे तुटणारच.

'आधीचा भाग स्वप्न, शेवटचा भाग वास्तव' हा अर्थ प्रसिद्ध आहे आणि तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. बऱ्याच गोष्टी त्याने जुळतात. पण सिनेमातली सर्वांत जिवंत दोन दृश्यं त्या खुलाशाशिवायही तितकीच भिडतात.

पहिलं ऑडिशनचं. नटी व्हायला आलेली बेटी घरी मैत्रिणीबरोबर संवादांची तालीम करते. संवाद सुमार, तिचा अभिनयही बेताचाच, आपण जरा हसतोच. नंतर स्टुडिओत तेच शब्द ती एका वयस्क नटाच्या अगदी जवळ जाऊन, जवळजवळ कुजबुजत बोलते आणि खोलीतली हवा बदलते. शब्द तेच आहेत. ही बाई खरी कोण, हा प्रश्न तिथे पोटात उठतो.

दुसरं 'क्लब सिलेन्सिओ'चं. मंचावरचा माणूस आधीच बजावून सांगतो की इथे वाद्यवृंद नाही, सगळं ध्वनिमुद्रित आहे. मग एक गायिका येते, साथीशिवाय स्पॅनिश गाणं म्हणते, प्रेक्षकांत बसलेल्या बेटी आणि तिची मैत्रीण, दोघी रडू लागतात, आपलाही गळा दाटतो. गायिका कोसळते. आवाज चालूच राहतो. सगळं खोटं आहे हे सांगूनसवरून आपल्याला रडवलं. सिनेमा या गोष्टीवरचं याहून थेट भाष्य मी पाहिलेलं नाही, आणि त्यासाठी स्वप्न कुठे संपलं हे कळण्याची गरज पडत नाही.

लिंचने या सिनेमाच्या डीव्हीडीसोबत दहा खुणा दिल्या होत्या हे खरं. लाल लॅम्पशेडकडे लक्ष द्या, असल्या. त्या वाचाच. वाचून लक्षात येईल की त्या नजर कुठे ठेवायची ते सांगतात, उत्तर कुठेच देत नाहीत. त्याच डीव्हीडीवर प्रकरणं पाडलेली नव्हती, म्हणजे हवं ते दृश्य निवडून पाहायची सोय नव्हती. एका बैठकीत पाहा, मध्ये उठू नका, असाच त्याचा आग्रह.

कूलर चालू ठेवून पाहू नका

हे सगळ्यांत कमी बोललं जातं, म्हणून जरा जास्त लिहितो. लिंच ध्वनीवर चित्राइतकंच काम करायचा. कित्येक सिनेमांच्या ध्वनिरचनेत त्याचं स्वतःचं नाव आहे. दृश्यात काहीच घडत नसतं, दोन माणसं सोफ्यावर बसलेली असतात, पण खाली एक खोल घरघर चालू असते आणि आपल्याला अस्वस्थ वाटायला लागतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कूलरशिवाय बसवत नाही, आणि कूलरचा आवाज नेमका तीच घरघर गिळून टाकतो. उरतात सोफ्यावरची दोन माणसं. मग 'किती संथ आहे' ही तक्रार येते.

उपाय सोपे आहेत. शक्यतो हिवाळ्यात पाहा. उन्हाळ्यातच पाहायचा असेल तर कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या. मोबाइलचा स्पीकर अजिबात नको, त्यातून खालचे सूर बाहेरच पडत नाहीत. खोलीत अंधार करा. रात्री लाईट जाण्याची धास्ती असेल तर लॅपटॉप आधी चार्ज करून ठेवा, कारण मध्येच तुटलेला लिंच पुन्हा पहिल्यापासून लावावा लागतो.

'इरेझरहेड' हा त्याचा पहिला मोठा सिनेमा, थांबत-थांबत सुमारे पाच वर्षं चित्रित झालेला आणि 1977 मध्ये आलेला. फिलाडेल्फियातल्या कारखान्यांच्या वस्तीत तो राहिला होता, तिथलं वातावरण त्या सिनेमात मुरलेलं आहे. यंत्रांचा आवाज क्षणभर थांबत नाही. भुसावळच्या रेल्वे यार्डाजवळ किंवा दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या आसपास ज्यांचं बालपण गेलं, त्यांना या सिनेमाची पुस्तकी व्याख्या लागणार नाही. सतत गुणगुणणाऱ्या जागेत माणूस झोपतो कसा, संसार करतो कसा, मूल झाल्यावर घाबरतो कसा, हे ते आतून ओळखतील.

चिन्हांची यादी करू नका

निळी पेटी म्हणजे हे, लाल पडदा म्हणजे ते, अशी वही भरणारे प्रेक्षक मी पाहिलेत. त्यांना मला लिंचच्या 'ट्विन पीक्स' या टीव्ही मालिकेतली हकीकत सांगावीशी वाटते. फ्रँक सिल्वा हा त्या मालिकेच्या सेटवर सामान मांडणारा माणूस. तो एका खोलीतलं फर्निचर हलवत असताना लिंचला काहीतरी सुचलं आणि त्याने सिल्वाला पलंगाच्या पायथ्याशी बसवून एक शॉट घेऊन ठेवला. कशासाठी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. नंतर दुसऱ्याच एका दृश्यात आरशात चुकून सिल्वाचं प्रतिबिंब आलं. दुसऱ्या दिग्दर्शकाने ते टाकून दिलं असतं. लिंचने त्यातून मालिकेतला सर्वांत भयंकर माणूस घडवला. तेव्हा 'याचा अर्थ काय' विचारण्याआधी 'हे पाहताना मला काय झालं' हे लिहा. वही ठेवायचीच असेल तर तेवढ्यासाठी ठेवा.

याचीच दुसरी बाजू म्हणजे आपल्याकडचा खास शेरा, "सगळी माया आहे." लिंच 1973 पासून महर्षी महेश योगींच्या पद्धतीचं ध्यान करत होता, त्यामुळे हा शेरा मारायला निमित्तही मिळतं. पण त्या शब्दाने समोरच्या दृश्याकडे पाहणं थांबत असेल तर तो शब्द नको.

घटनांचा क्रम लावत बसू नका

अजिंठा आपल्याला जळगावहून साठेक किलोमीटर. तिथल्या जातककथांच्या भिंती डावीकडून उजवीकडे वाचायला गेलात तर गोंधळ होतो. एकच राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो, आणि बऱ्याच ठिकाणी प्रसंग काळाच्या क्रमाने न मांडता स्थळाप्रमाणे मांडलेत. राजवाड्यात घडलेलं एकीकडे, अरण्यात घडलेलं दुसरीकडे. आपण तिथे चिडत नाही, समोर उभे राहून नजर फिरू देतो. 'लॉस्ट हायवे' किंवा 'मलहॉलंड ड्राइव्ह'मध्ये तोच चेहरा दुसऱ्या नावाने आला, मेलेला माणूस फोनवर बोलला, तर तशीच नजर फिरू द्या. आता आपण कोणत्या जागेत आहोत, हॉटेलात, लांबलचक बोळात की पडद्यामागे, एवढं टिपलं तरी वाट सापडते.

चुकीच्या टोकाने सुरू करू नका

खानदेशातल्या माणसाने सुरुवात 'द स्ट्रेट स्टोरी'पासून करावी, असं माझं ठाम मत आहे. 1999 चा हा सिनेमा खऱ्या घटनेवर आहे. अ‍ॅल्विन स्ट्रेट नावाचा सत्तरी ओलांडलेला म्हातारा, आजारी भावाला भेटायला, 1994 मध्ये गवत कापायच्या यंत्रावर बसून आयोवाहून विस्कॉन्सिनला गेला. सुमारे 390 किलोमीटर, माणसाच्या चालीपेक्षा थोड्याच जास्त वेगाने. दोघा भावांत वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. बांधावरून, वाटणीवरून अबोला धरलेले भाऊ आपल्या प्रत्येक गावात आहेत, त्यामुळे इथे कोणालाही काही समजावून सांगावं लागत नाही. हा सिनेमा पाहिला की लिंचची संथ गती अंगवळणी पडते आणि माणसांबद्दलचा त्याचा जिव्हाळा ओळखीचा होतो. पुढच्या विचित्र सिनेमांतही तो जिव्हाळा असतोच, फक्त तो आधी दिसलेला हवा.

त्यानंतर 'द एलिफंट मॅन', मग 'ब्लू व्हेल्व्हेट', मग 'मलहॉलंड ड्राइव्ह'. शेवटचे दोन घरच्यांबरोबर हॉलमध्ये लावण्यासारखे नाहीत. तीन तासांचा 'इनलँड एम्पायर' अगदी शेवटी ठेवा. तो पूर्ण पटकथेशिवाय, साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित झाला आहे. आधीचे चार पाहून झाल्यावर त्याचं खरखरीत, अंधारं चित्र त्रास देत नाही, उलट आत ओढतं.