आकाश आणि जमीन, दोन्ही हवंय? मास्क फोटोकडूनच बनवून घ्या

सूर्यास्ताच्या फोटोत आकाश नीट आलं की जमीन काळी पडते, जमीन उजळली की आकाश पांढरंफटक. दोन एक्स्पोजर (एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे फोटो) जोडताना कडा ब्रशने रंगवत बसायची गरज नाही. मास्क, म्हणजे वरच्या फोटोचा कोणता भाग दिसेल ते ठरवणारं कृष्णधवल चित्र, फोटोपासूनच बनतो.

१. ट्रायपॉडवर फक्त शटर स्पीड बदलून दोन फोटो घ्या. अ‍ॅपर्चर, आयएसओ, फोकस तेच ठेवा. २-३ स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरक बहुतेकदा पुरतो.

२. फोटोशॉप किंवा गिंपमध्ये उजळ फोटो खालच्या लेयरवर (थरावर), गडद वरच्या.

३. गडद लेयरला मास्क जोडा आणि त्यात उजळ फोटोची कृष्णधवल प्रत पेस्ट करा. (फोटोशॉपमध्ये ऑल्ट धरून मास्कवर क्लिक केलं की तो उघडतो.) मास्क पांढरा तिथे गडद फोटो दिसतो. त्यामुळे फांद्यांच्या फटींतून डोकावणारं आकाशसुद्धा आपोआप बरोबर येतं, आणि हाताने ते काम फार किचकट आहे.

४. मास्कला गॉशियन ब्लर (चित्र धूसर करणारा फिल्टर) द्या. हे गाळलंत तर चित्र सपाट, राखाडी दिसतं. ब्लर हळूहळू वाढवा. डोंगराच्या कडेला उजळ पट्टा उमटू लागला की थोडं कमी करा.

वारा असेल तर हललेली पानं दुहेरी दिसतात. तेवढ्या भागात मास्क काळा रंगवून एकच फोटो राहू द्या.