नवरा-बायकोत मिळून एकच गाडी घेताय? मग या चुका टाळा

गेल्या सहा-सात वर्षांत मी नातेवाईक, ऑफिसमधले, सोसायटीतले अशा वीसेक जोडप्यांबरोबर तरी गाड्या बघत फिरलेय. फोन दरवेळी एकाच सुरात येतो, "ताई, ह्याला सेडान हवीय आणि मला उंच गाडी, आता तूच सांग कोण बरोबर." मी कोण बरोबर ते सांगत नाही. मी विचारते दोघांनी चालवून बघितली का, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी उत्तर येतं की त्याने बघितली, मी शेजारी बसले होते.

चूक पहिली, आणि सगळ्यात मोठी: टेस्ट ड्राइव्ह एकानेच घेणं

ही चूक आमच्याच घरात झालीय म्हणून जरा सविस्तर सांगते.

२०१८ चा दसरा. नवऱ्याला लांब नाकाची, खाली बसणारी डिझेल गाडी मनापासून आवडली होती, त्याचं गाव कराड, महिन्यातून दोनदा पुणे-कराड, एका बाजूने साधारण १६० किलोमीटर, त्यामुळे हायवेवर स्थिर गाडी हवी हे त्याचं म्हणणं चूक नव्हतंच. टेस्ट ड्राइव्ह त्याने घेतली, मी डाव्या सीटवर बसले, सेल्समनने मला एकच प्रश्न विचारला, "मॅडम, कलर कुठला?" मी सिल्व्हर सांगितला आणि आम्ही बुकिंग केलं. लायसन्स माझ्याकडे होतं, आठ वर्षं वडिलांची छोटी गाडी चालवलेली होती, पण स्टिअरिंग मागावं हे डोक्यातच आलं नाही.

माझी उंची ५ फूट १ इंच. गाडी घरी आल्यावर कळलं की सीट वर-खाली होत नाही. क्लच पूर्ण दाबायचा तर सीट इतकी पुढे घ्यावी लागायची की स्टिअरिंग छातीला टेकायला आलं, आणि एअरबॅगवाल्या गाडीत स्टिअरिंग आणि छातीच्या मध्ये निदान २५ सेंटीमीटर अंतर हवं. सीट मागे घेतली की क्लच अर्धाच दबायचा. बोनेट कुठे संपतं ते दिसायचं नाही आणि उजवीकडे वळताना काचेच्या बाजूच्या जाड खांबाआड अख्खी स्कूटर लपायची. पहिल्याच आठवड्यात कात्रजच्या चढावर तीनदा गाडी बंद पडली, मागून हॉर्न, शेवटी एका ट्रकवाल्या काकांनी उतरून मागची रांग थांबवली तेव्हा निघाले. त्यानंतर मी ती गाडी चालवणं सोडूनच दिलं. दोन वर्षं गाडी खाली पार्किंगमध्ये आणि मी रिक्षाने.

एका रात्री सासूबाईंना अचानक धाप लागली. नवरा नागपूरला. गाडी खाली उभी, चावी हुकला लटकलेली, आणि मी शेजारच्या काकांचं दार वाजवत होते की दवाखान्यात सोडता का. आईंना बरं वाटलं, सगळं ठीक झालं, पण त्या रात्रीनंतर मी ठरवलं की दोघांना चालवता येत नाही ती गाडी आपल्या घराची नाही. २०२१ ला ती बऱ्यापैकी नुकसानीत विकली.

आता माझी सवय अशी. दोघांनी वेगवेगळी टेस्ट ड्राइव्ह घ्यायची, वेगवेगळ्या दिवशी घेतली तर उत्तम. शोरूमवाले त्यांच्या ठरलेल्या गुळगुळीत रस्त्यावरून दहा मिनिटांत फिरवून आणतात, ते मान्य करायचं नाही. संध्याकाळी साडेसहाला जायचं, खऱ्या ट्रॅफिकमध्ये. एक चढ हवाच, एक यू-टर्न हवा, आणि शेवटी स्वतः रिव्हर्स लावून बघायची. रोज जी चप्पल घालता तीच घालून जा. त्यांनी कुरकुर केली तर दुसऱ्या शोरूमला जा, दहा लाख आपण देतोय. दहा मिनिटांत गाडी आवडली म्हणून तिथेच टोकन देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, साडी घ्यायला आपण चार दुकानं फिरतो आणि दहा वर्षांची वस्तू एका चकरेत घेतो.

आणि घरातल्या वयस्कर माणसाला बरोबर न्याच. गुडघे दुखत असतील तर फार खाली सीट असली की उठताना त्रास आणि फार उंच असली की साडीत पाय वर टाकायला त्रास. आईंना तीन गाड्यांत प्रत्येकी पाच वेळा चढायला-उतरायला लावलं मी, त्यांनीच सांगितलं कुठली बरी.

चूक दुसरी: आधी गाडीचं नाव, मग कारण

सेडान की एसयूव्ही यावरून जी भांडणं होतात ती बरीचशी न मोजता होतात. आपल्याकडे ४ मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनच्या गाडीला कर कमी लागतो (२२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी, मोठीला ४०), त्यामुळे बऱ्याच गाड्या त्याच लांबीत बसवतात. डिझायर ही सेडान घ्या, ब्रेझा किंवा नेक्सॉन ही एसयूव्ही घ्या, तिन्हींची लांबी ३,९९५ मिलिमीटर. म्हणजे "तुझी गाडी मोठी पडते, गल्लीत जाणार नाही" हे वाक्य लांबीपुरतं चुकीचंच आहे. फरक आहे तो उंचीत, रुंदीत आणि पोटाखालच्या जागेत. नवी डिझायर जमिनीपासून १६३ मिलिमीटर वर, ब्रेझा १९८. पण डिकी बघा, डिझायरची ३८२ लिटर आणि उंच दिसणाऱ्या ब्रेझाची ३२८. "एसयूव्हीत सामान जास्त मावतं" म्हणून हट्ट धरणाऱ्या माझ्या एका मावसबहिणीला मी हे आकडे दाखवले तेव्हा ती गप्पच झाली, आणि तिच्या नवऱ्याला गावाकडच्या कच्च्या रस्त्याचा फोटो दाखवला तेव्हा तोही.

म्हणून कागद घ्या आणि गाड्यांची नावं न लिहिता गेल्या महिन्यात गाडी कुठे कुठे गेली असती ते लिहा. शाळा, ऑफिस, मंडई, गाव, घाट. कोण चालवणार, मागे कोण बसणार. आमच्या कागदावर महिन्याच्या २४ फेऱ्यांपैकी १९ माझ्या निघाल्या. नवऱ्याने तो कागद बघितला आणि पुढचा वाद तिथेच संपला.

याच्याच पोटातली अजून एक गोष्ट. दोघांच्या आवडीच्या बरोबर मध्ये पडणारी गाडी शोधू नका. त्याला मॅन्युअल हवी, तिला ऑटोमॅटिक, म्हणून "चला स्वस्तातली एएमटी घेऊ" असं करणारी जोडपी मी बघितलीत आणि दोघंही नाराज असतात. एएमटीत आत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, फक्त क्लच आणि गिअर मशीन टाकतं, म्हणून गिअर पडताना गाडी क्षणभर थांबल्यासारखी होते. काहींना चालतं, काहींना अजिबात नाही. आणि चढावर ब्रेक न लावता नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवलीत तर क्लच झिजणार. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे ऑटोमॅटिकचे दुसरे प्रकार, त्यापेक्षा महाग पडतं, पण परवडत असेल तर तेच चालवून बघा. आमच्याकडे नियम केला की प्रत्येकाने दोन अशा गोष्टी सांगायच्या ज्यांच्यावर तडजोड नाही. माझ्या: उंची बदलणारी सीट आणि समोरचं नीट दिसणं. त्याच्या: शंभरच्या वेगाला गाडी हलता कामा नये आणि खंबाटकीच्या घाटात भरलेल्या गाडीचा दम निघता कामा नये. बाकी सगळं, रंग, स्क्रीन, सनरूफ, जे मिळेल ते. या चार अटींत शेवटी तीन गाड्या उरल्या आणि त्यातली एक पेट्रोल ऑटोमॅटिक आम्ही घेतली, आजही दोघं चालवतो.

चूक तिसरी: पार्किंग न मोजणं

ही नव्या सोसायट्यांत फार वाढलीय. ओळखीच्या एका जोडप्याने, दोघंही आयटीतले, तीन महिने रिव्ह्यू बघून, एक्सेल करून उंच गाडी घेतली. पेढे वाटत गाडी आणली आणि वॉचमनने गेटवरच थांबवलं, कारण त्यांचा स्लॉट होता मशीनवाल्या पार्किंगमध्ये, वरच्या ट्रेवर, आणि तिथे पाटीवर स्वच्छ लिहिलेलं, उंची १५५० मिलिमीटरपर्यंत. त्यांची गाडी १६०० च्या वर. शेवटी शेजारच्या सोसायटीत महिना भाडं भरून गाडी लावतात, पावसात तिथून छत्री घेऊन चालत घरी. बायको सेडानच म्हणत होती, त्यामुळे अजूनही विषय निघाला की घरात शांतता पसरते.

दहा मिनिटांचं काम आहे हो. टेप घ्या, स्लॉटची लांबी, रुंदी, उंची मोजा, मशीन असेल तर पाटीवरचं वजनही वाचा, कारण इलेक्ट्रिक गाड्या बॅटरीमुळे जड असतात. दोन खांबांच्या मधला स्लॉट असेल तर गाडी लावल्यावर दार उघडून माणूस बाहेर येईल का ते बघा. बेसमेंटचा रॅम्प तीव्र असेल तर टेस्ट ड्राइव्हची गाडी थेट सोसायटीत आणा, चार माणसं बसवून रॅम्प उतरा-चढा. घासली तर तिथेच कळेल.

सीएनजी: हिशोब न करता "परवडते" म्हणणं

सीएनजी वाईट नाही, रोज ५० किलोमीटर असेल तर जरूर घ्या. पण वर्षाला सहा हजार किलोमीटर चालणाऱ्या घराने गाडीमागे ऐंशी-नव्वद हजार जास्त मोजायचे आणि किलोमीटरमागे दोन-अडीच रुपये वाचवायचे, तर पैसे वसूल व्हायला सहा-सात वर्षं जातात. त्यात पंपावरची रांग, दर तीन वर्षांनी सिलिंडरची टेस्ट, आणि डिकी. एकच मोठा सिलिंडर असेल तर दोन बॅगांपुढे काही मावत नाही, कोकणातून येताना आंब्याच्या पेट्या पोरांच्या पायाखाली. दोन छोटे सिलिंडर खाली बसवलेल्या गाड्या २०२३ पासून मिळायला लागल्यात, त्या आधी बघा.

डिझेलचंही तेच. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. रोज शाळा-भाजी-घर एवढंच असेल तर डिझेलच्या वाटेला जाऊ नका.

कुणाच्या नावावर, हे शेवटच्या मिनिटाला ठरवणं

बायकोच्या नावावर घेतली तर काही बँका व्याजात थोडी सूट देतात, म्हणून काउंटरवर बसल्या बसल्या नाव बदलतात. घ्या ना तिच्या नावावर, पण आधी जुन्या गाडीचा इन्शुरन्स काढून बघा. क्लेम न केल्याची सूट, म्हणजे एनसीबी, ही मालकाची असते. पाच वर्षं क्लेम नसेल तर गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर ५० टक्के सूट मिळते, आणि नवऱ्याची सूट तो हयात असताना बायकोच्या नावावरच्या गाडीला लागत नाही. जुनी गाडी विकताना कंपनीकडून एनसीबीचं पत्र मागून घ्या, तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला वापरता येतं. शिवाय १५ लाखांचं जे अपघाती संरक्षण असतं ते आरसीवर नाव असलेल्या आणि लायसन्स असलेल्या मालकालाच असतं, म्हणून लायसन्स नसलेल्या आजींच्या नावावर प्रेमापोटी गाडी घेऊ नका. आणि इन्शुरन्स शोरूमचाच घ्यायची सक्ती नाही, बाहेरचं कोटेशन घेऊन गेलात की त्यांचा आकडा आपोआप खाली येतो.

बाकीच्या, थोडक्यात

सात सीटर घेताय तर तिसरी रांग उभी ठेवून डिकी बघा, एर्टिगाची तेव्हा २०९ लिटर उरते, सात माणसांच्या बॅगा त्यात मावणार नाहीत.

सुरक्षेचं स्टार रेटिंग बघताना कुठल्या वर्षी, कुठल्या मॉडेलची टेस्ट झाली ते वाचा. भारत एनसीएपी, म्हणजे गाड्या आपटून बघून स्टार देणारी आपली टेस्ट, ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालंय, पण जुन्या मॉडेलचे स्टार नव्याला चिकटवून सांगणारे सेल्समन मला भेटलेत.

लहान मूल असेल तर चाइल्ड सीट बरोबर घेऊन जा आणि शोरूममध्येच आयसोफिक्सला, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या चाइल्ड सीट अडकवायच्या हुकांना, लावून बघा. मांडीवर मूल घेऊन पुढे बसायचं नाही, कितीही जवळ जायचं असलं तरी.

सनरूफवरून व्हेरिएंट ठरवू नका.

दसऱ्याला किंवा पाडव्यालाच डिलिव्हरी हवी म्हणून मिळेल ती गाडी उचलू नका. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पासिंगच्या आधी, दिवसाउजेडी, दोघांनी जाऊन ते बघा. आमच्या एका नातेवाइकाला सणाच्या घाईत दहा महिने जुने टायर असलेली, यार्डात उभी राहिलेली गाडी मिळाली आणि सही झाल्यावर कुणी ऐकून घेतलं नाही.

गाडी घरी आल्यावर एक काम पहिल्याच दिवशी करा, हे मला फार उपयोगी पडलंय. दोघांनी आपापली सीट नीट लावायची आणि सीटच्या रुळाशेजारी रंगीत टेपचा छोटा तुकडा चिकटवायचा. आमच्याकडे माझा लाल, त्याचा पिवळा. तो कराडहून रात्री येतो, सकाळी मला शाळेची घाई असते, मी लालवर सीट ओढते, आरसे फिरवते आणि निघते.