गावच्या ग्रुपवर उत्तर कसं द्यावं

खरीप लागला की कास्तकारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्नांची रीघ लागते. पऱ्हाटीवर (कपाशीवर) डोमकळ्या, म्हणजे बोंडअळीने मिटलेली फुलं दिसली, तुरीची पानं पिवळी पडली, सोयाबीनचा आज भाव काय. ‘ग्रुपवर कमी बोला, भांडणं टळतात’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. ज्याच्या वावरात बोंडअळी शिरली त्याला आजच उत्तर पाहिजे असतं.

आधी प्रश्नाखाली आलेली सगळी उत्तरं वाचा. तुमचंच म्हणणं कोणी लिहिलं असेल तर त्याला अंगठा द्या, पुन्हा लिहू नका.

ज्या मेसेजला उत्तर द्यायचं तोच बोटाने उजवीकडे सरकवा, म्हणजे मूळ प्रश्न तुमच्या उत्तराच्या डोक्यावर दिसतो. वावरात रेंज नसते. घरी आल्यावर सगळे मेसेज एकदम उघडणाऱ्याला नुसत्या ‘हो, मारून द्या’वरून काहीच कळत नाही.

उधारी, आजारपण, घरचा वाद असला तर खासगीत उत्तर द्या.

औषधाचं माप आवाजी मेसेजमध्ये सांगू नका. आकडा टाइप करा.

आता खरी अडचण. कोणीतरी चुकीचं माप टाकतं, आणि टाकणारा वयाने मोठा, गावात मान असलेला असतो. मलाही हे बरेच दिवस जड गेलं. लोक दोनच वाटा सांगतात: मोठ्यांना चारचौघांत टोकू नये, किंवा तोंडावर ‘चूक आहे’ म्हणून मोकळं व्हावं. दोन्ही कामाच्या नाहीत. गप्प बसलात तर तेच माप रात्रीतून चार ग्रुपांवर जातं. टोचून बोललात तर चर्चा औषधावरून मानापमानावर जाते आणि विचारणारा तसाच राहतो. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजुरांचे जीव गेले. त्यामुळे मापाच्या बाबतीत भीड नकोच.

मी असं करतो. आधी चूक कुठून आली ते पाहतो. बहुतेक वेळा माप खोटं नसतं, फवारणीचा पंप वेगळा असतो. इंजिनवर चालणाऱ्या पॉवर पंपाला एकरी पाणी कमी लागतं, म्हणून त्याचं दर पंपाचं माप साध्या पाठीवरच्या पंपापेक्षा जास्त असतं. काकांनी आपल्या पॉवर पंपाचं लिहिलं, विचारणाऱ्याजवळ साधा पंप. मग काकांच्याच मेसेजला धरून लिहितो:

‘काकाजी, तुमचं माप पॉवर पंपाचं दिसते. भाऊ साध्या पंपाचं विचारून राहिले. डब्यावरच्या लेबलचा फोटो टाकतो, भाऊ, फोटोतलंच माप घ्या.’

आणि लगेच फोटो. काकांचा मान राहतो, माप दुरुस्त होतं, वाद घालायला जागाच उरत नाही. दुरुस्ती ग्रुपवरच करा, कारण चूक ग्रुपवर झाली. काकांना खासगीत फोन जरूर करा, पण त्याने बाकीच्यांपर्यंत दुरुस्ती पोचत नाही. लेबल हाताशी नसेल तर अंदाजाने आकडा लिहू नका. ‘थांबा, विचारून सांगतो’ म्हणा आणि किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 वर विचारा.

‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का असलेल्या मेसेजमधलं माप तर कोणालाच पुढे देऊ नका. त्यात पंप कोणता, पीक कोणतं, काहीच लिहिलेलं नसतं.

स्वतःच्या उत्तरात आकडा चुकला तर 15 मिनिटांत मेसेज बदलता येतो. मापासाठी मात्र तेवढ्यावर भागत नाही. कोणी तोवर कागदावर उतरवून घेतलं असेल तर त्याला बदल दिसणारच नाही. जुन्या मेसेजला धरून ‘वरचं माप चुकलं, हे घ्या’ असा नवा मेसेज टाका.

शेवटी विचारणाऱ्याकडून ‘लेबल पाहिलं, समजलं’ असं लिहून घ्या. रात्रीपर्यंत आलं नाही तर त्याला फोन लावा. फवारणीवाले पहाटेच वावरात जातात.