गाडीच्या ग्रिपा घरी बदलायच्या असतील तर आधी हे वाचा

बाबांची स्प्लेंडर २००९ ची, टाकीवर अजून हिरो होंडाच लिहिलंय, आणि ती रोज पहाटे दोन्ही बाजूला दुधाचे कॅन अडकवून डेअरीला जाते. मागच्या उन्हाळ्यात आई म्हणाली की कॅनच्या झाकणाला काळं काय लागतंय बघ जरा, कितीही घासलं तरी जात नाही. बघितलं तर बाबांचे तळवेच काळे. हँडलच्या मुठीचं, म्हणजे ग्रिपचं रबर उन्हानं आणि घामानं इतकं मऊ पडलेलं की हात लावला की डांबरासारखं बोटाला यायचं, आणि जिथं तळव्याचा खालचा भाग टेकतो तिथली नक्षी घासून पूर्ण गुळगुळीत.

मग एका गॅरेजमध्ये नवीन ग्रिपा टाकून आणल्या, दहा मिनिटांत काम झालं, आम्ही खूश. जुलैमध्ये पाऊस चालू असताना वेशीजवळच्या स्पीडब्रेकरला बाबांनी क्लच दाबला आणि डावी ग्रिप हातातल्या हातात फिरून बोटभर बाहेर आली. कॅन भरलेले, रस्ता ओला, कसाबसा पाय टेकून सावरले ते. संध्याकाळी मी ती ग्रिप नुसती हातानं ओढली तर निघून आली, आतून ऑइलनं ओलीचिंब. सरकवायला सोपं जावं म्हणून ऑइल लावलेलं आणि ते महिनाभर तसंच आत बसलेलं. तेव्हापासून घरातल्या, भावकीतल्या सगळ्या गाड्यांच्या ग्रिपा मीच बदलतो, आणि ज्याला त्याला एकच गोष्ट सांगतो, ग्रिप चढवताना जे काही लावाल ते नंतर पूर्ण उडून गेलं पाहिजे नाहीतर सुकून चिकटलं पाहिजे. ऑइल, ग्रीस, डब्ल्यूडी फॉर्टी, खोबरेल, यातलं काहीच पूर्ण उडून जात नाही, तेलकटपणा आतच राहतो आणि एक दिवस ग्रिप फिरते.

आता घेताना काय बघायचं ते पटकन सांगतो. आपल्या बहुतेक गाड्यांच्या हँडलचा पाईप २२ मिलीमीटरचा असतो, डावी ग्रिप थेट त्याच्यावर बसते. उजवीकडं मधे प्लॅस्टिकचा एक्सलेटर पाईप असतो त्यामुळं उजव्या ग्रिपचं भोक मोठं, साधारण २५-२६ चं. म्हणजे जोडीतल्या दोन ग्रिपा दिसायला सारख्या पण आतून वेगळ्या, आधी भोक बघा मगच चढवायला घ्या, मोठ्या भोकाची डावीकडं ढकलली तर ती कधीच घट्ट बसणार नाही. काही गाड्यांना उजवी ग्रिप पाईपसकट एकच पीस येते, तिथं रबर वेगळं काढायच्या भानगडीत पडू नका, अख्खा पीस बदला. आणि काही गाड्यांच्या एक्सलेटर पाईपवर उभ्या धारा असतात, तिथं त्याच गाडीची ग्रिप घ्या, दुसरी बसत नाही नीट. हाताला मुंग्या येत असतील तर जरा जाड आणि मऊ रबराची घ्या, बाबांना त्याचा फरक पडला. हात लहान असेल तर मात्र जाड नको, क्लच ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटं पुरत नाहीत.

सामान फार लागत नाही. स्टार स्क्रू ड्रायव्हर, एक पातळ चपटा स्क्रू ड्रायव्हर, सायकलची एक जुनी तार म्हणजे स्पोक, मेडिकलमधून १० एमएलची नवीन सिरिंज, पॉलिश पेपर, सुती फडकं, आणि आयपीए. आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाईल रिपेअरिंगवाले बोर्ड साफ करायला वापरतात तेच, मोबाईल पार्टच्या दुकानात बाटली मिळते. माझं मत विचाराल तर या कामाला याच्यासारखं काही नाही, काढायलाही तेच आणि चढवायलाही तेच. सॅनिटायझर चालेल का असं बरेच जण विचारतात, तर त्यात ग्लिसरीन असतं, जेलमध्ये अजून काय काय असतं, तो चिकटा आत राहतो, म्हणून नको. आणि हे काम उघड्यावर करा, जवळ विडी सिगरेट काडेपेटी काही नको, अल्कोहोल पेट्रोलसारखंच पेट घेतं.

गाडी मेन स्टँडवर लावा. हँडलच्या टोकाला स्क्रूनं बसवलेली वजनं असतील तर ती आधी काढायची, आमच्या स्प्लेंडरला नाहीत पण पल्सर, अपाचीसारख्या गाड्यांना असतात, हँडलची थरथर कमी करायला. हा स्क्रू जाम असतो, कंपनीतूनच त्याला लॉक करणारं सोल्युशन लावलेलं असतं. बरोबर मापाचा स्क्रू ड्रायव्हर खाचेत पूर्ण बसवा, मागून हातोडीनं एक दोन हलके ठोके द्या आणि अंगाचा भार देऊन दाबत दाबत फिरवा. वजन सोबत फिरत असेल तर फडकं गुंडाळून पकडीनं धरा. खाच खराब झाली की काम दुप्पट होतं म्हणून इथं घाई नको.

आता डावी ग्रिप. जुनी ग्रिप परत वापरायची नसेल तर कटरनं टोकापासून स्विचपर्यंत उभी चीर मारा आणि केळ्याच्या सालीसारखी सोलून काढा, संपलं. वाचवायची असेल तर खरं काम. स्पोकचं टोक आधी दगडावर घासून गोल करून घ्या, धार राहिली की रबर आतून फाटतं. मग स्विचच्या बाजूनं, जिथं ग्रिपची कडा असते तिथून, स्पोक रबर आणि हँडलच्या मधे हळूहळू आत सरकवा, जोर लावू नका, फिरवत फिरवत न्या. दोन तीन इंच गेला की स्पोक थोडा उचला, फट दिसेल, तिथं सिरिंजनं आयपीए सोडा दोन तीन एमएल. आता स्पोक ग्रिपच्या भोवती गोल फिरवायचा. पहिल्यांदा चिकटलेलं सुटताना चर्र असा आवाज येतो, मग एकदम हलकं होतं, ते हाताला कळतंच. मग ओलं फडकं पिळतो तशी ग्रिप पिळा, नुसती सरळ ओढू नका. रबर ओढलं की लांबतं आणि लांबलं की बारीक होऊन हँडलला अजून आवळतं, पिळलं की सुटतं. अर्धी आली आणि अडकली तर परत थोडं आयपीए आत सोडायचं, ते लवकर उडतं म्हणून दोन तीन वेळा सोडावं लागतं.

जवळ कॉम्प्रेसर असेल तर हे सगळं एका मिनिटात होतं. पण पंक्चरवाल्याकडची टायरमध्ये हवा भरायची नळी इथं उपयोगाची नाही, वॉशिंग सेंटरला धूळ उडवायची हवेची गन असते ना, बारीक तोंडाची, ती पाहिजे. कडेला पातळ स्क्रू ड्रायव्हरनं फट करायची, गनचं तोंड आत घालायचं, ग्रिपच्या टोकाला भोक असेल तर ते अंगठ्यानं दाबायचं आणि हवा सोडायची, रबर फुग्यासारखं फुगतं आणि ग्रिप तरंगत बाहेर येते. डोळ्याला चष्मा पाहिजे, आत साठलेली घाण थेट तोंडावर उडते.

यानंतरचं काम सगळे जण सोडून देतात, ते म्हणजे साफसफाई. ग्रिप निघाली की हँडलवर जुना गम, काळा चिकटा, आणि पावसाळ्यानंतर असेल तर गंज पण दिसेल. सगळा गम थिनरनं पुसून काढा (थिनर टाकीच्या रंगावर आणि प्लॅस्टिकवर पडू देऊ नका, टाकीवर जुनी गोणी टाका), गंजावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर मारा, आणि शेवटी आयपीएनं पुसा, फडकं काळं यायचं बंद होईपर्यंत. नवीन ग्रिपच्या आत पण आयपीएनं भिजवलेलं फडकं स्क्रू ड्रायव्हरला गुंडाळून फिरवा. साच्यातून सुटावी म्हणून लावलेलं निसरडं काहीतरी बऱ्याचदा नव्या रबरात आतून असतं. बाबांच्या गाडीच्या वेळी मी हँडलवरचं ऑइल तीन वेळा पुसलं होतं, चौथ्यांदा फडकं पांढरं राहिलं.

चढवणं हा दहा सेकंदाचा खेळ आहे. आधी कोरडी ग्रिप हँडलच्या तोंडाशी धरून बघा, नक्षी कुठल्या बाजूला येणार, नाव वर येणार का खाली, ते ठरवून घ्या कारण नंतर फिरवायला वेळ मिळत नाही. मग ग्रिपमध्ये आयपीए ओता, तोंड बोटानं बंद करून खळखळून हलवा, जास्तीचं हँडलवरच ओता, आणि लगेच तळव्यानं रेटत पिळत एका दमात स्विचपर्यंत न्या. मधे थांबलात तर तिथंच धरते. टोक बंद असलेली ग्रिप शेवटचा इंचभर परत मागे येते कधी कधी, आत हवा अडकते म्हणून. तेव्हा तोच स्पोक बाजूनं आत घाला, फुस्स करून हवा जाते, ग्रिप बसली की स्पोक ओढून घ्या.

हेअर स्प्रे पण चालतो, ओला असताना निसरडा आणि सुकल्यावर चिकट, बरेच रायडर तोच वापरतात. साबणाचं पाणी फुकट आहे पण सुकायला फार वेळ, पावसाळ्यात दोन दोन दिवस, आणि लोखंडी हँडलला आतून गंज धरतो. पेट्रोल गॅरेजवाले सर्रास वापरतात, उडून जातं हे खरं, पण रबर फुगवतं, मी नाही वापरत. ग्रिप मुळातच थोडी सैल असेल तर ग्रिपसाठीचा गम नाहीतर रबर चिकटवायचं सोल्युशन पातळ हातानं लावा. फेव्हिक्विक अजिबात नको, अर्ध्यात चिकटली की कापण्याशिवाय इलाज नाही.

उजवी बाजू. इथं मात्र पूर्ण लक्ष द्या, कारण डावी ग्रिप फिरली तर तोल जातो, पण उजवी अडकली तर गाडी पळत राहते. जुनी ग्रिप कापून काढत असाल तर कटर अगदी हलका, खाली प्लॅस्टिकचा पाईप आहे, त्याच्यावर चीर पडली की पुढं तिथूनच तडकतो. रबर अर्धं कापा आणि बाकीचं हातानं फाडा. मी तर पाईपच काढून घेतो. स्विचच्या खालचे दोन स्क्रू काढायचे (दोन्हीची लांबी वेगळी असू शकते, कुठला कुठं होता ते लक्षात ठेवा), स्विचचे दोन भाग उघडले की केबलच्या टोकाची गोळी पाईपच्या खाचेतून सोडवायची, पाईप सरकून बाहेर. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांना दोन केबली असतात, त्यांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पाईप आतून आणि त्याच्या खालचं हँडल कोरडं स्वच्छ पुसा. तिथं ग्रीस थापू नका, धूळ बसून चिखल होतो आणि रेस, म्हणजे एक्सलेटर, जड होते, फक्त केबलच्या गोळीला बोटाच्या टोकावर मावेल एवढं लावा.

ग्रिप पाईपवर बाहेरच चढवली की गम किंवा आयपीए आत गळायची भीती नाही. नंतर पाईप हँडलवर सरकवा, गोळी खाचेत, आणि स्विच बसवताना त्याच्या आत एक छोटी खुंटी असते ती हँडलच्या भोकात गेली पाहिजे. नाही गेली तर स्क्रू आवळताना स्विच फुटतो. ग्रिपची कडा आणि स्विच यांच्यात एक दोन मिलीमीटर फट ठेवा, टोकाला वजन असेल तर तिथं पण तेवढीच, वजन फिट केल्यावर ग्रिपला घासलं नाही पाहिजे. नवीन ग्रिप जुनीपेक्षा लांब निघाली तर टोक कापा पण घासत ठेवू नका.

आता बघा, रेस पूर्ण पिळून सोडली की खटकन आपोआप परत आली पाहिजे, हँडल सरळ असताना, पूर्ण डावीकडं असताना, पूर्ण उजवीकडं असताना, तिन्ही वेळा. हळू आली किंवा मधे थांबली तर गाडी बाहेर काढायची नाही, घासतंय कुठं ते शोधायचं. रेसला थोडी ढील पण पाहिजे, ग्रिपच्या कडेला २ ते ६ मिलीमीटर मोकळं फिरलं पाहिजे, बहुतेक गाड्यांना हेच माप आहे. मग न्यूट्रलमध्ये गाडी चालू करून हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवा, आवाज वाढला तर केबल ताणली जातेय, तिचा रस्ता चुकलाय.

आयपीए लवकर उडतं हे खरं, पण ग्रिपच्या आत अडकलेलं नाही उडत, त्यामुळं रात्रभर गाडी उभी ठेवा, पावसाळ्यात पूर्ण एक दिवस, गम लावला असेल तर २४ तास. मी संध्याकाळी दूध घालून झालं की करायला घेतो आणि सकाळच्या फेरीला चुलत भावाची गाडी मागून घेतो.

आणि एक, ग्रिप चिकट झाली म्हणून वरून कापडी किंवा फोमचं कव्हर चढवू नका. डाव्या बाजूला एकवेळ ठीक, पण उजवीकडं कव्हर ग्रिपवर फिरतं आणि आपण सोडलेली रेस आणि गाडीनं सोडलेली रेस यात फरक पडतो, पावसात तर फोम पाणी पिऊन स्पंजासारखा होतो. ग्रिपची जोडी काही फार महाग नसते, बदलूनच टाका.

पहिला आठवडाभर गाडी काढायच्या आधी दोन्ही हातांनी ग्रिपा जोरात पिळून बघत जा. डावी जागेवरून जराही हलली नाही पाहिजे, उजवी पाईपसकट फिरली पाहिजे, पाईपवर नाही. बाबांना मी दोन्ही बाजूला पांढऱ्या पेनानं एक एक रेघ मारून दिलीये, डावीकडं ग्रिप आणि स्विचच्या जोडावर, उजवीकडं ग्रिपचं टोक आणि पाईपच्या कडेवर. रेघ सरळ आहे का एवढंच ते पहाटे बॅटरीच्या उजेडात बघतात आणि कॅन अडकवतात.