फोल्डेबल लेन्स कार्ट्रिजमधे भरायची कशी, आणि केस झाल्यावर काय काय धुवायचं

डोळ्याच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमधे) नवीन आलेल्या पोरापोरींना फेको मशीनची, म्हणजे मोतीबिंदू अल्ट्रासाउंडने फोडून ओढून घेणाऱ्या मशीनची, जाम भीती वाटते, पण खरं सांगू का, मशीन बिचारं आपलं काम करत असतं, गडबड होते ती लेन्स भरताना. डॉक्टर म्हणतात "लेन्स द्या" आणि तेवढ्या अर्ध्या मिनिटात हॅप्टिक (लेन्सला आधार देणारा बाजूचा पाय) अडकतं, नाहीतर ऑप्टिकवर (मधल्या गोल भिंगावर) ओरखडा येतो, नाहीतर लेन्स उलटीच जाते. होतं हे सगळं आपल्या ट्रॉलीवर, दिसतं मात्र डोळ्यात गेल्यावर, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून स्क्रबला, म्हणजे डॉक्टरांना हत्यारं द्यायला, उभं राहणाऱ्यांसाठी जरा सविस्तर लिहितेय. एक आधीच सांगते, प्रत्येक कंपनीची लेन्स वेगळी, तिचा इंजेक्टर (लेन्स डोळ्यात ढकलायचं हत्यार) वेगळा, त्यामुळे बॉक्समधला कागद आणि माझं लिहिणं यात फरक दिसला तर कागदाचं ऐकायचं.

आधी थोडं मागचं. हॅरोल्ड रिडली यांनी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधे २९ नोव्हेंबर १९४९ ला पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम लेन्स बसवली, ती होती पीएमएमएची, म्हणजे कडक प्लॅस्टिकची. ती दुमडत नाही, त्यामुळे ऑप्टिक जेवढं रुंद तेवढी चीर लागणार, साडेपाच-सहा मिलिमीटर. आपल्याकडे एसआयसीएसमधे (फेकोशिवाय, हाताने मोतीबिंदू काढायच्या ऑपरेशनमधे) अजूनही ती घालतात आणि चांगलीच दिसते हो पेशंटला, उगाच नाक मुरडू नये. पण फेकोची चीर २.२ ते २.८ मिलिमीटरची, त्यातून सहा मिलिमीटरचं ऑप्टिक न्यायचं तर घडी किंवा गुंडाळी करावीच लागते, आणि आपली सगळी हत्यारं या घडीसाठीच आहेत.

बॉक्स उघडायच्या आधी बघायचं. पेशंटचं नाव, डावा की उजवा डोळा, पॉवर, मॉडेल, एक्सपायरी, हे फाइलमधल्या बायोमेट्रीशी (लेन्सची पॉवर ठरवायला घेतलेल्या डोळ्याच्या मापांशी) ताडून मोठ्याने वाचायचं आणि डॉक्टरांनी "हो" म्हटल्यावरच सील फोडायचं. लिस्टमधे आडनाव सारखं असलेले दोन पेशंट एकामागोमाग असले की हमखास घोटाळा होतो, २१ आणि २१.५ मधे तर पटकन चूक होते. फ्लोअरवरची सिस्टर वाचणार, स्क्रबवाली डोळ्याने बघणार, दोघींनी. बॉक्समधले स्टिकर लगेच फाइलला आणि पेशंटच्या कार्डावर चिकटवायचे, "नंतर लावू" म्हटलं की ते गेले समजा.

शेजारी अजून एक लेन्स तयार ठेवायची, थ्री-पीसवाली, म्हणजे ऑप्टिकला दोन हॅप्टिक वेगळी जोडलेली; सिंगल पीस म्हणजे सगळी एकाच तुकड्याची. पोस्टिरियर कॅप्सूल, म्हणजे डोळ्यातल्या मूळ लेन्सच्या पिशवीची (बॅगची) मागची पातळ भिंत, फाटलं तर बॅगमधे सिंगल पीस बसवता येईलच असं नाही, आणि ॲक्रिलिकची सिंगल पीस सल्कसमधे (बॅगच्या पुढे, आयरिस म्हणजे डोळ्याच्या रंगीत पडद्यामागच्या खाचेत) ठेवायची नसते, तिची जाड हॅप्टिक आयरिसच्या मागच्या बाजूला घासत राहतात, मग पिगमेंट सुटतं, प्रेशर वाढतं. थ्री-पीसची हॅप्टिक बारीक असतात, ती सल्कसला चालते, फक्त पॉवर साधारण अर्धा ते एक डायॉप्टर कमी घेतात, ते डॉक्टर सांगतील. पण कपाटात लेन्सच नसेल तर डॉक्टर तरी काय करणार.

आता मटेरियल. हायड्रोफिलिक लेन्स छोट्या बाटलीत पाण्यात किंवा सलाइनमधे येते, मऊ असते, सहज गुंडाळते. हायड्रोफोबिक बहुतेक कोरडी येते, जरा कडक, आणि एसी फुल असेल तर अजूनच कडक वाटते, डोळ्यात उघडायलाही वेळ घेते. सिलिकॉन हल्ली कमी दिसते, ती ओली झाली की मासोळीसारखी निसटते, त्यामुळे चिमटा कोरडा पाहिजे. आणि ती डोळ्यात फटकन उघडते, त्यामुळे प्लंजर दाबणाऱ्याने सावकाश जायचं. कुठलीही असो, मॅकफर्सनने (लेन्स धरायच्या बारीक चिमट्याने) धरताना ऑप्टिकच्या मधोमध कधीच धरायचं नाही, कडेला किंवा हॅप्टिक जिथे जोडलंय तिथे, आणि चिमटा दात नसलेला पाहिजे. चिमट्याचं टोक वाकलेलं आहे का ते मायक्रोस्कोपखाली बघा, नुसत्या डोळ्यांना सरळच दिसतं.

मग कार्ट्रिज. पंख उघडलेलं प्लॅस्टिकचं पन्हाळं असतं, पुढे निमुळतं नाक. साइज बघून घ्या, कारण जास्त पॉवरची लेन्स मधे जाड असते आणि छोट्या कार्ट्रिजमधे बळंच कोंबली तर नाक तडकतं किंवा लेन्स फाटते. पहिल्यांदा व्हिस्को (डोळ्यात वापरायची घट्ट, बुळबुळीत जेली) भरायचं, आणि ते नाकापासून मागे असं, कॅन्युला (बोथट बारीक नळी) नाकाच्या आत नेऊन हळूहळू मागे घेत, म्हणजे हवेचे बुडबुडे राहत नाहीत. मग पन्हाळ्यात आणि दोन्ही कडांना. इथे कंजुसी नको! व्हिस्को एचपीएमसीचं असो नाहीतर हायल्युरोनेटचं, ते कमी पडलं की लेन्स प्लॅस्टिकला घासत पुढे जाते आणि अर्ध्यात अडकते. हायल्युरोनेट महाग म्हणून ते डोळ्यासाठी राखून कार्ट्रिजला एचपीएमसी वापरतात बऱ्याच ठिकाणी, ते चालतं, फक्त कागदात मनाई नाही ना ते बघा.

लेन्स ठेवताना कुठली बाजू वर हे हॅप्टिकवरून कळतं. वरून बघितल्यावर हॅप्टिकचा आकार उलट्या एससारखा, म्हणजे झेडसारखा दिसला पाहिजे. सरळ एस दिसला तर लेन्स पालथी आहे, तिथेच थांबा आणि उलटवा. पुढचं हॅप्टिक नाकाकडे, मागचं प्लंजरकडे. सिंगल पीसमधे काही कंपन्या हॅप्टिक ऑप्टिकवर दुमडून घ्या म्हणतात, काही सरळ ठेवा म्हणतात. थ्री-पीसचं मागचं हॅप्टिक सरळ मागे सोडायचं, प्लंजरच्या बाजूने. आता ऑप्टिकच्या दोन्ही कडा पन्हाळ्याच्या खाचांखाली बसल्या पाहिजेत. ऑप्टिक चिमट्याने हलकेच खाली दाबलं की एक कड आत सरकते, दुसरी तशीच वर राहते, आणि बंद करताना नेमकी तीच पंखांमधे चिमटते. म्हणून पंख मिटताना झटकन क्लिक करायचं नाही, अर्ध्यावर आणायचे, मायक्रोस्कोपखाली किंवा चांगल्या उजेडात कडांवरून नजर फिरवायची, लेन्स दोन्ही बाजूंनी सारखी वर उचलल्यासारखी दिसतेय, मधे काही अडकलं नाहीये, मगच पूर्ण मिटायचे. डॉक्टर घाई करत असले तरी "सर, एक मिनिट" म्हणायला लाजू नका, फाटलेली लेन्स काढायला त्यांना त्याहून जास्त वेळ लागतो.

इंजेक्टर दोन तऱ्हेचे. एक सिरिंजसारखा, अंगठ्याने दाबायचा, दुसरा हात मोकळा राहतो. दुसरा स्क्रूचा, दोन हात लागतात पण लेन्स एकसारखी हळूहळू जाते. शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी मला स्क्रूचाच बरा वाटतो, पण ज्याचा त्याचा हात. कार्ट्रिज बसवून प्लंजर पुढे आणायचा आणि बघायचं की त्याचं टोक ऑप्टिकच्या मागच्या कडेला टेकलंय. टोक ऑप्टिकच्या वर चढलं तर पुढे ढकलताना ते लेन्सला चिरत जातं, आणि मागचं हॅप्टिक टोक आणि भिंत यांच्यात सापडलं तर तुटतं. लेन्स नाकाच्या तोंडापर्यंत आगाऊ नेऊन ठेवू नका, आणि लोड करून ट्रॉलीवर पाच-दहा मिनिटं सोडू तर अजिबात नका, घडीचा वळ पडतो आणि व्हिस्को सुकतं. डॉक्टर कॉर्टेक्स (मोतीबिंदूचा उरलेला मऊ भाग) साफ करत आले की लोड करायला घ्यायची, ही वेळ साधणं केसेस बघून बघून जमतं. प्रीलोडेडमधे हे निम्मं काम कमी होतं, तिथे ठरलेल्या भोकातून व्हिस्को किंवा बीएसएस (डोळ्यासाठीचं सलाइन) भरायचं आणि कागदातल्या क्रमाने खटके काढायचे, क्रम चुकला की संपलं.

हातात देताना कार्ट्रिजच्या नाकाचा तिरपा काप खाली राहील असं द्यायचं. बॅग व्हिस्कोने फुगवलेली असते, पुढचं हॅप्टिक बॅगमधे जातं, ऑप्टिक उघडतं, आणि मागचं हॅप्टिक डायलरने, म्हणजे सिन्स्की हुकने, फिरवून आत दाबतात. त्यामुळे इंजेक्टर देऊन होतो तोच डायलर दुसऱ्या हातात तयार. कार्ट्रिज चिरेत जात नसेल तर जोर लावून उपयोग नाही, डेसेमेट, म्हणजे कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेच्या) आतलं पातळ अस्तर, सुटू शकतं आणि चीर ताणून नंतर गळते, केराटोमने (चीर करायच्या बारीक सुरीने) थोडी वाढवून घेणंच शहाणपणाचं. डॉक्टर म्हणायच्या आत केराटोम पुढे केलात तर डॉक्टर तुमच्यावर खूश. प्लंजरला मधेच दगडासारखं लागलं तर ढकलायचं नाही, बाहेर काढून नव्या कार्ट्रिजमधे परत भरायची, लेन्सवर काही दिसलं तर लेन्सही नवीन. आणि फाटलेली लेन्स डोळ्यात गेलीच तर ती कापून बाहेर काढायची खास कात्री असते, ती कुठल्या ट्रेमधे आहे हे लिस्ट सुरू व्हायच्या आधी माहीत असू द्या.

होल्डर-फोल्डरबद्दल थोडक्यात. जुन्या लोकांना अजून आवडतो. फोल्डरने लेन्स मधे दुमडायची, होल्डरने ती घडी धरायची, आत नेऊन सोडायची. याला चीर थोडी मोठी, साधारण ३.२ ते ३.५ मिलिमीटर लागते. कार्ट्रिज तुटलं आणि दुसरं नाही अशा वेळी हाच चिमटा उपयोगी पडतो, म्हणून गंजू देऊ नका.

आता धुणं, आणि इथे मी जरा कडक आहे. व्हिस्को सुकलं की इंजेक्टरच्या पोकळीत आणि कॅन्युलात चिकटून बसतं, ऑटोक्लेव्हमधे शिजतं, आणि पुढच्या पेशंटच्या डोळ्यात जातं. मग दुसऱ्या दिवशी पट्टी काढली की कॉर्निया या कडेपासून त्या कडेपर्यंत पांढरट, पेशंटला दुखत फारसं नाही पण दिसत नाही. याला टास (टॉक्सिक अँटिरियर सेगमेंट सिंड्रोम) म्हणतात, इन्फेक्शन नसतं, आत गेलेल्या घाणीची किंवा केमिकलची रिॲक्शन असते. ऑटोक्लेव्हने जंतू मरतात, पण मेलेल्या जंतूंचं एंडोटॉक्सिन (त्यांच्यातलं विष) उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे "ऑटोक्लेव्ह केलंय की" हे उत्तर नाही. केस संपली की लगेच हत्यारं डिस्टिल्ड वॉटरमधे, पोकळ असलेल्या प्रत्येक गोष्टीतून सिरिंजने जोरात पाणी मारायचं, एन्झाइमॅटिक डिटर्जंट वापरलं तर ते पूर्ण निघेपर्यंत परत परत धुवायचं, शेवटचं पाणी स्टेराइल डिस्टिल्डच, नळाचं नाही. मग हवा मारून सुकवायचं. अल्ट्रासॉनिकमधे टाकताना बारीक टोकं एकमेकांना लागू देऊ नका. पॅक केलेल्या ट्रेला साध्या ऑटोक्लेव्हमधे १२१ अंश, १५ पौंडावर ३० मिनिटं, आणि इंडिकेटर बघितल्याशिवाय ट्रे उघडायचा नाही.

कार्ट्रिज एकदा वापरायचं आणि टाकायचं. ते ग्लुटराल्डिहाइडमधे बुडवून परत वापरतात काही ठिकाणी, मला माहितीये पैशाचा प्रश्न असतो, पण आतलं गुळगुळीत कोटिंग पहिल्या वेळीच जातं, नाकाला केसाएवढी चीर पडलेली असते, आणि केमिकलचा अंश राहिला तर कॉर्नियाच्या आतल्या पेशी मरतात ज्या परत येत नाहीत. इंजेक्टर मेटलचा असेल तर तो चालतो वर्षानुवर्षं, टायटेनियमचा तर छानच, फक्त त्याचा प्लंजर पूर्ण बाहेर काढून वेगळा धुवा. स्क्रूवाल्यात आट्यांमधे व्हिस्को अडकतं, तिथे मऊ ब्रश फिरवा. आणि प्लंजरवर सिलिकॉनचं टोक असेल तर ते दर केसला नवं लागतं, आदल्या दिवशीच मोजून ठेवा, लिस्टच्या मधे स्टोअरला पळायची वेळ येऊ देऊ नका.