ॲडजेक्टिव्ह क्लॉज ओळखायचा तर आधी त्याच्या मागचा शब्द बघा

इंग्रजी व्याकरणात क्लॉज म्हणजे स्वतःचा कर्ता आणि क्रियापद असलेला वाक्याचा भाग; नामाबद्दल सांगतो तो ॲडजेक्टिव्ह क्लॉज. पण दॅट दिसला की ‘ॲडजेक्टिव्ह क्लॉज’ लिहून मोकळं होणाऱ्यांचे मार्क हमखास जातात. दॅट, व्हिच, व्हेअर हे शब्द इतर क्लॉजमध्येही सर्रास येतात.

हे वाक्य घ्या: ‘द लोकल दॅट गोज टू वाशी स्टॉप्स ॲट ऐरोली.’ पहिल्यांदा काळ दाखवणारी क्रियापदं शोधा: गोज आणि स्टॉप्स. दोन क्रियापदं म्हणजे दोन क्लॉज. दॅटपासून पेन्सिलने रेघ ओढत जा आणि स्टॉप्सच्या अलीकडे थांबा. बरीच मुलं रेघ थेट पूर्णविरामापर्यंत नेतात, मग मुख्य वाक्याला क्रियापदच उरत नाही.

आता दॅटच्या लगेच आधी काय आहे? लोकल, म्हणजे नाम. कोणती लोकल? वाशीला जाणारी. मराठीत ‘जी लोकल वाशीला जाते, ती ऐरोलीला थांबते’ असं जी-ती सहज बसतं. हा ॲडजेक्टिव्ह क्लॉज. ‘आय नो दॅट द लोकल इज लेट’ मध्ये मात्र आधी क्रियापद आहे आणि मराठीत ‘की’ येतो. तो नाउन क्लॉज, म्हणजे नामाचं काम करणारा.

खरी फसगत होते ती ‘द न्यूज दॅट द लोकल इज कॅन्सल्ड’ इथे. आधी नाम आहे, तरी हा नाउन क्लॉजच. दॅटवर बोट ठेवून पुढचं वाचा: ‘द लोकल इज कॅन्सल्ड’ हे स्वतंत्र, पुरं वाक्य आहे. याउलट ‘द न्यूज दॅट यू हर्ड’ मध्ये उरतं ‘यू हर्ड’. काय ऐकलं? कर्म गायब, कारण ते काम दॅट करतोय. म्हणून हा ॲडजेक्टिव्ह.

व्हेअरलाही आधीचा शब्दच बघा, फक्त ‘पुरं वाक्य’ ही कसोटी इथे लावू नका. ‘द स्टेशन व्हेअर वी मेट’ ॲडजेक्टिव्ह, ‘आय नो व्हेअर ही लिव्ह्ज’ नाउन (काय माहीत आहे?), ‘सिट व्हेअर यू लाइक’ ॲडव्हर्ब, म्हणजे क्रियापदाबद्दल सांगणारा (कुठे बसा?).

कधी दॅट लिहिलेलाच नसतो: ‘द लोकल आय मिस्ड वॉज फास्ट.’ नामाला चिकटून आय, वी, ही असा नवा कर्ता आला की मध्ये दॅट घालून बघा. ‘द लोकल गोइंग टू वाशी’ ला मात्र फसू नका. गोइंग एकटं काळ दाखवत नाही, म्हणून तो क्लॉज नव्हे, फ्रेज.

‘मासुंदा लेक, व्हिच इज निअर ठाणे स्टेशन, …’ इथे ‘कोणता तलाव?’ विचारायची गरजच नाही, नाव दिलेलंच आहे. तरीही हा ॲडजेक्टिव्ह क्लॉजच. फक्त दोन्हीकडे स्वल्पविराम हवेत आणि व्हिचच्या जागी दॅट चालत नाही.